हरवलेला ‘स’

“दुधराम, गेट आठ सेंटिमीटर उचला. लगेच.”

चौकशी आयोगाच्या दालनात विलास वैरागडेंचा आवाज इतका स्वच्छ घुमला, की ते समोरच उभं राहून बोलताहेत असं वाटावं. शब्दाशब्दाचे काठ कोरल्यासारखे होते. ‘आठ’मधला ठ तर टाळूवर आपटताना ऐकू आला. अध्यक्ष बाई, निवृत्त न्यायमूर्ती सावजी, यांनी मान हलवली आणि पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच. आठ.

मागच्या रांगेत बसलेल्या मैथिलीला पुढे दादाचे, म्हणजे विलासरावांचे, खांदे दिसत होते. इतके दिवस ताठ असलेले ते खांदे हळूहळू खाली आले. शेजारी नलिनीवहिनीने डोळ्यांना पदर लावला. पलीकडच्या बाकावर धरणाचा दरवाजा चालवणारा दुधराम शेंडे खाली मान घालून बसला होता. त्याच्याही मागे, भिंतीला टेकून, शेवंताबाई नागपुरे उभी होती. तिला बसायला सांगूनही ती बसली नव्हती.

वाघी नदीवरच्या बोरखेडी धरणाचं हे प्रकरण. मार्चअखेरीस वरच्या अंगाला गारपीट झाली आणि धरणात नको तेव्हा पाणी आलं. खाली नदीच्या कोरड्या पात्रात ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, डांगरवाड्या होत्या. वाळूत आळी करून लावलेली डांगरं, म्हणजे खरबुजं, तोडणीला आली होती. उपविभागीय अभियंता म्हणून विलास वैरागडेंनी त्या रविवारी दोन गोष्टी ठरवल्या होत्या. खालच्या शहराला प्यायला लागतं तेवढं थोडं पाणी दुपारी सोडायचं, त्यासाठी दरवाजा आठ सेंटिमीटर. आणि लोकांना पात्रातून उठायला संध्याकाळपर्यंतचा वेळ देऊन मग मोठा विसर्ग, त्यासाठी साठ. गावोगावी निरोप गेले होते, संध्याकाळच्या आत माल उचला म्हणून. दुपारी विलासरावांनी घरून धरणावर फोन केला. दुधरामने दरवाजा साठ सेंटिमीटर उचलला. भोंगा वाजला, पण भोंगा आणि पाणी बरोबरच पोचले. सगळे धावत काठावर आले, एक शेवंताबाईचा नवरा परसराम नागपुरे तेवढा आला नाही. तो बैलगाडीत डांगरं भरत होता.

आता प्रश्न एवढाच उरला होता, की फोनवर साहेब काय म्हणाले.

धरणाच्या यंत्रणेत प्रत्येक फोन आपोआप साठवला जात असे, पण जुन्या, किरट्या आवाजात. तो ऐकून कोणालाच खात्री देता येत नव्हती. म्हणून तो ‘रफू’मधून काढला. रफू हे आवाज सुधारणारं यंत्र. फाटक्या, अर्धवट रेकॉर्डिंगला ते पुन्हा अखंड करी. आधी लोकांनी त्यातून आपल्या गेलेल्या माणसांचे जुने फोन सुधारून घेतले, मग बँकांनी घेतलं, मग पोलिसांनी. शेवटी सरकारने नियमच केला, की न्यायालयात रेकॉर्डिंग वाजवायचं ते रफू केलेलंच. मूळ फाइल मोहरबंद करून कपाटात ठेवायची. ती आता कोणी ऐकतही नसे.

रफू मैथिलीने बनवलं होतं. भाऊच पक्षकार, म्हणून तिने या प्रकरणाला हात लावला नव्हता. सरकारी प्रयोगशाळेने परस्पर यंत्र चालवलं होतं. यंत्राने दादाला सोडवलं होतं. तिने खूश व्हायला हवं होतं. पण तिला खुर्चीत बसवेना.

जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर आली तर कडुनिंबाखाली दुधराम उभा होता. पन्नाशीचा, खारकेसारखा सुकलेला माणूस. तिला पाहून पुढे आला.

“मॅडम, ते मशीन तुमचंच ना जी?”

“हो.”

“मी तुमाले दोष नाई देत. फक्त एक इचारतो. मी पोलिसाले सांगतलं होतं, साहेब साठ म्हनले. शपथेवर सांगतलं. मले पक्कं आठवत होतं. पन आज ते मशीन आयकलं ना, तवापासून मलेच आठ आयकू येऊन राह्यलं. साहेबाचा आवाज, आठ. आता साठ आठवाले गेलो तर आठवतच नाई.” त्याने कानावर हात ठेवला. “मंग मी आधी खोटं बोललो का? मीच मारलं का परसरामले?”

“थांबा, दुधरामजी,” मैथिली एवढंच म्हणाली. कशासाठी थांबा, ते तिलाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी दादा तिला गाडीतून घरी सोडायला निघाला. कित्येक दिवसांनी तो मोकळा बोलत होता.

“मी पहिल्यापासून म्हणत होतो ना, आठच म्हटलं मी. ‘आठ’वर जोरसुद्धा दिला होता. मला तो क्षण अगदी डोळ्यांसमोर दिसतो.”

मैथिलीने त्याच्याकडे पाहिलं. अपघाताच्या दिवशी हाच माणूस तिला फोनवर, आवाज फुटेस्तोवर, म्हणाला होता, “मैथिली, मी काय बोललो तेच मला आठवत नाही गं. सकाळपासून दोन्ही आकडे डोक्यात होते.” तो खोटं बोलत नव्हता. तेव्हाही नाही आणि आत्ताही नाही, हेच तिला जास्त टोचलं.

“दादा, मला इथेच उतरव.”

“इथे? काय झालं?”

“माझ्या ऑफिसात जाते जरा.”

*

आवाज म्हणजे हवेतली लाट. संगणक ती सलग साठवत नाही. ठरावीक अंतराने तिची उंची मोजतो आणि तेवढे आकडे ठेवतो. या मोजमापांना नमुने म्हणतात. सेकंदाला जितके नमुने घ्यावेत, त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचाच आवाज त्यात मावतो. हा निसर्गाचा नियम आहे, त्याला कोणाची शिफारस चालत नाही. धरणावरच्या यंत्रणेत जागा वाचवायला सेकंदाला आठ हजारच नमुने घेत. म्हणजे चार हजार कंपनांच्या वरचं सगळं कापून टाकलेलं. आ, ई, ओ या स्वरांचं तेवढ्यात भागतं. पण ‘स’ म्हणजे दातांच्या फटीतून निसटणारा वारा. त्याचा बहुतेक जोर त्या रेषेच्या वर असतो. म्हणून तर साध्या फोनवर नाव सांगताना आपण ‘सशाचा स’ म्हणून सांगतो.

आता कमी नमुन्यांच्या रेकॉर्डिंगचे जास्त नमुने करता येतात. त्याला अपसॅम्पलिंग म्हणतात. कागदावरच्या दोन ठिपक्यांमध्ये आणखी ठिपके काढून रेघ गुळगुळीत करावी, तसं. हे काम प्रामाणिक आहे. त्यात नवं काही येत नाही आणि जुनं काही जात नाही. कापलेला वरचा मजला मात्र त्याने परत येत नाही.

मैथिलीने तो मजलाच नव्याने बांधला होता. लाखो तासांचं मराठी बोलणं यंत्राला ऐकवून तिने त्याला शिकवलं, की खाली असा आवाज असेल तर वर बहुधा काय असतं. जुन्या साडीचा झिजलेला काठ काढून विणकराने त्याच रंगाचा नवा काठ जोडावा, तसं ते काम होतं. जोड दिसत नाही. पण तो काठ जुना नसतो. पहिल्या वर्षी ती हे प्रत्येक भाषणात सांगे. मग लोकांना काठ इतका आवडू लागला, की तिचं सांगणं मागे पडलं. नंतर तिनेही सांगणं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा भागीदार इम्तियाज काझी आला, तेव्हा ती टेबलाभोवती येरझारा घालत होती.

“इम्तियाज, माइकसमोर बस. म्हण, ‘गेट साठ सेंटिमीटर उचला.’”

त्याने म्हटलं. तिने ते धरणाच्या यंत्रणेइतकं किरटं केलं आणि रफूमधून काढलं. स्पीकरमधून इम्तियाजचा नितळ आवाज आला, “गेट आठ सेंटिमीटर उचला.”

इम्तियाज हसला. मग हसू ओसरलं. “परत लाव.”

मग त्यांनी ऑफिसातल्या प्रत्येकाला बसवलं. स्वागतकक्षातली मुलगी, चहा देणारे काका, वरच्या मजल्यावरचे वकील. प्रत्येक जण साठ म्हणे, आणि यंत्र सगळ्यांच्या तोंडी आठ घाली. ज्याच्या त्याच्या आवाजात, ज्याच्या त्याच्या हेलात.

“आलं लक्षात,” मैथिली म्हणाली. तिचा एक पाय सारखा हलत होता. “‘गेट’मधला ट म्हणताना जीभ क्षणभर वाट बंद करते. तिथे शांतता असते. लागूनच ‘साठ’चा स, तोही कापलेला. म्हणजे आणखी शांतता. यंत्राला दोन्हींत फरक करायला धागाच नाही. मग ते काय करतं? जे जास्त वेळा ऐकलंय ते घालतं. माणसं दिवसभर सकाळी आठ, रात्री आठ, आठ वाजता करत असतात. साठ कितीदा म्हणतात?”

“म्हणजे विलासदादा साठ म्हणाले?”

“तसंही नाही! आठ म्हटलं असतं तरी यंत्र आठच म्हणालं असतं. त्या फोनमध्ये उत्तरच नाहीये, इम्तियाज. नाहीच आहे. आपण ते तिथे ठेवलं.”

इम्तियाज खुर्चीत मागे रेलला. तो घाबरट माणूस नव्हता; पण त्याने दार लावून घेतलं. “हे बाहेर गेलं तर फक्त हा खटला नाही उघडणार. रफूवर निकाल लागलेले सगळे उघडतील. लोक तुरुंगात आहेत, मैथिली.”

“म्हणून तर.”

“आणि तुझा भाऊ? तो कालच सुटलाय. उद्या लोक म्हणतील, स्वतःच्या भावाला बुडवणारी बहीण. नाहीतर म्हणतील, यांच्यात घरचं काही भांडण असेल.”

ती संगणकाकडे वळली. आयोगाने पक्षकारांना मूळ फाइलची प्रत दिली होती. दादाच्या वकिलाकडून तिने ती सकाळीच मागवली होती. रफू बंद करून तिने ती साध्या अपसॅम्पलिंगने मोठी केली, कानांवर हेडफोन चढवले आणि ऐकत बसली. किरटं, खरखरीत, डब्यातून आल्यासारखं. दादा बोलला. आकडा यायच्या जागी खरखर आली आणि मग ‘आठ’. त्याच्या आधी काही होतं की नव्हतं, ते सांगता येत नव्हतं. ‘उचला. लगेच.’ मग...

ती थांबली. मागे घेतलं. आवाज चढवला.

दादाच्या शब्दांनंतर, खरखरीच्या तळाशी, कोणीतरी दूर बोललं होतं.

“किती जी?”

आणि लगेच, त्या शब्दांवरच, फोन ठेवल्याचा खटका.

रफू केलेल्या प्रतीत तिथे काहीच नव्हतं. असणार कसं? तिनेच यंत्राला शिकवलं होतं, की मुख्य बोलणारा तो आवाज आणि बाकी सगळा गोंगाट. मागचा फिकट आवाज पुसायचा. सगळे त्या एका अक्षरासाठी कान देऊन बसले होते, आणि जे धडधडीत नोंदलं गेलं होतं ते यंत्राने झाडून टाकलं होतं.

तिने हेडफोन काढले. खिडकी उघडली. पुन्हा बंद केली.

*

दादाच्या घरी ती गेली तेव्हा वहिनी वडीभाताचं बघत होती. इतक्या दिवसांनी घरात फोडणीचा वास होता. मैथिलीला पाहून वहिनी हसली. “बस. आज तुझ्या आवडीचं आहे. हे आंघोळीला गेलेत.”

मैथिली बसली नाही. दादा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला, तशी तिने फोन टेबलावर ठेवला आणि मूळ रेकॉर्डिंग लावलं.

“किती जी?” खट्ट.

दादाचा हात डोक्यावरच राहिला.

“परत लावू?”

“नको.”

तिने सगळं सांगितलं. ऑफिसातल्या प्रत्येकाचं साठ कसं आठ झालं ते. तो भिंतीकडे पाहत ऐकत होता. ती थांबल्यावर म्हणाला, “पण यंत्र आठ म्हणतं.”

“यंत्र सगळ्यांना आठच म्हणतं, दादा.”

“तूच बनवलंस ना ते? आख्ख्या महाराष्ट्राला चाललं. आणि माझ्या वेळेसच बरं ते नादुरुस्त झालं!”

“तुझ्या वेळेस मी पहिल्यांदा नीट ऐकलं. माझं चुकलंच. आधी ऐकायला हवं होतं.”

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात झारा तसाच होता. “मैथिली, कोणी विचारलं नाही ना तुला? आयोगाने विचारलं? नाही. मग तू का उकरतेस?”

“त्या दुधरामला दोषी ठरवतील, वहिनी.”

“आणि यांना ठरवलं तर? तुला काय, तू एकटी.” मग ती खाली पाहत, हळू आवाजात बोलली. “मी इथेच होते. हे फोनवर बोलत होते तेव्हा. मी ऐकलं होतं. काय ऐकलं, ते तेव्हा विचारलं असतंस तर सांगितलं असतं. आता विचारू नको. मलाही आता आठच ऐकू येतं.”

गॅसवर काहीतरी करपायला लागलं होतं. वहिनी गेली नाही.

“मला सांग,” दादा शेवटी म्हणाला, “तो आवाज ऐकला तेव्हा मला काय वाटलं असेल? इतके दिवस मी स्वतःला विचारत होतो, काय बोललास, काय बोललास. झोप नाही, जेवण नाही. आणि माझाच आवाज मला म्हणाला, आठ. सुटलो मी. तू मला परत तिथेच ढकलतेस.”

“हो,” मैथिली म्हणाली. तिला रडू येत होतं. “कारण ती जागाच खरी आहे, दादा. बाकी माझं यंत्र आहे.”

“जा तू.”

ती निघाली. जिना उतरताना तिला वाटलं, कोणीतरी मागून हाक मारेल. कोणी मारली नाही.

*

आयोगापुढे तिने स्वतःहून अर्ज केला. दादाच्या वकिलाने कडाडून हरकत घेतली. हिने यंत्र विकलं, आता हीच म्हणते यंत्र खोटं. मग हिचं कधीचं बोलणं खरं मानायचं? प्रश्न रास्त होता. मैथिलीने तसं कबूलही केलं.

“माझं बोलणं खरं मानूच नका,” ती न्यायमूर्ती सावजींना म्हणाली. “आपण स्वतः दोन वाक्यं म्हणाल का? एकात आठ, एकात साठ.”

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग माइक जवळ ओढला. वाक्यं कोणत्या क्रमाने म्हणायची ते त्यांनीच ठरवलं आणि म्हणून होईतो मैथिलीला बाहेर थांबायला सांगितलं. आयोगाच्याच तंत्रज्ञाने ती किरटी करून रफूमधून काढली.

दालनात न्यायमूर्ती सावजींचा करारी आवाज घुमला. “गेट आठ सेंटिमीटर उचला.” आणि पुन्हा, “गेट आठ सेंटिमीटर उचला.”

बाई पुढे झुकल्या. “हे पहिलं मी म्हटलेलं नाही.”

“आवाज आपलाच आहे ना?” मैथिलीने विचारलं.

“माझा आहे. पण मी हे म्हटलेलं नाही!” त्यांनी तंत्रज्ञाला दोनदा पुन्हा लावायला लावलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांच्या कपाळावर आठी आली. त्या जरा अस्वस्थ होऊन म्हणाल्या, “साठ मी आधी म्हटलं होतं... की नंतर?” आणि दालनातली सगळी डोकी त्यांच्याकडे वळली. कारण जे मैथिलीला शास्त्राच्या भाषेत सांगता आलं नसतं, ते बाईंच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसलं होतं.

“मग या रेकॉर्डिंगवरून आम्ही काय समजायचं?” बाईंनी विचारलं.

“आकड्याबद्दल काहीच नाही. तो आकडा कोणतंही यंत्र कधीच परत आणू शकणार नाही. पण एक गोष्ट त्यात आहे. ती कोणाला ऐकू आली नाही, कारण माझ्या यंत्राने ती पुसली.”

मूळ रेकॉर्डिंग वाजलं. खरखर. दादाचा डब्यातला आवाज. मग तळाशी, “किती जी?” आणि खटका.

“हा तर मी!” दुधराम उभा राहिला. “मी इचारलं होतं? मी इचारलं होतं, मॅडम? मले आठवतच नव्हतं.”

“इचारलं होतं तर पुन्हा फोन काहून नाई केला?” मागून शेवंताबाईचा आवाज आला. सगळ्या चौकशीत ती पहिल्यांदाच बोलली. दुधरामने तिच्याकडे वळून पाहिलं. मग मान खाली घातली. “साहेबाले पुन्हा फोन करा लागन म्हनून भेव वाटलं, बाई. मले वाटलं, साठच म्हनले असन.”

मैथिलीने पुढच्या रांगेकडे पाहिलं. दादाची खुर्ची रिकामी होती. तो कधी उठून गेला, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

*

पुढे गोष्टी भराभर घडल्या. आयोगाने आकड्यावर निष्कर्ष काढायला नकार दिला; आदेश देताना खातरजमा न केल्याचा ठपका दोघांवर ठेवला, साहेबांवर जास्त, दुधरामवर कमी. विलास वैरागडे निलंबित झाले. सरकारने रफूचा नियम मागे घेतला. मोहरबंद कपाटं उघडली गेली. इम्तियाज महिनाभर मैथिलीशी कामापुरतंच बोलला. मग एके दिवशी स्वतःचे हेडफोन घेऊन तिच्या शेजारी येऊन बसला. दोघं दिवसभर जुनी मूळ रेकॉर्डिंगं ऐकत. दाराशी माणसं येत. कोणाचा नवरा आत होता, कोणाची मुलगी. “यात नक्की काय म्हटलंय ते सांगा ना,” असं प्रत्येक जण म्हणे, आणि मैथिलीला बहुतेकांना सांगावं लागे, की ते कळू शकत नाही. काही जण आभार मानत. काही जण शिव्या घालून जात. एका बाईने तर विचारलं, “मग पुन्हा यंत्रातच घाला ना, काहीतरी तर सांगेल!”

मैथिलीचं चित्त कुठेच ठरत नव्हतं. भाजीवाला साठ म्हणाला की ती दोनदा विचारून घेई. स्वतःच्या लहानपणीची एखादी आठवण आली तरी ती तपासत बसे, की हे मला खरंच आठवतंय, की कोणीतरी नंतर गुळगुळीत करून दिलंय. दादाच्या घरी जाणं बंद झालं होतं. वहिनीने दिवाळीला फराळ पाठवला, पण शेजाऱ्यांच्या हाती.

ऐन हिवाळ्यात दादाचा फोन आला. “उद्या नदीवर जायचं म्हणतो. तू चल.” कोणती नदी, ते तिने विचारलं नाही.

वाटेत दोघं फारसं बोलले नाहीत. दादा वाळला होता. गाडी काठावर ठेवून ते पात्रात उतरले. नदी एका कडेला बारीक धारेत वाहत होती आणि बाकी सगळं पात्र पांढरं, उघडं पडलं होतं. वाळूत रांगेने आळी खणलेली होती. शेवंताबाई पदर खोचून, टोपलीतून शेणखत घेऊन एकेका आळ्यात टाकत होती. दोघांना येताना तिने पाहिलं आणि काम चालूच ठेवलं.

दादा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. चपला त्याने काठावरच काढल्या होत्या.

“बाई, मी विलास वैरागडे.”

“ओयखतो मी.”

“आयोगापुढे मी बोललो नाही. निघून गेलो. ते सांगायला आलो.”

शेवंताबाईने टोपली खाली ठेवली. “मंग सांगा. आठ म्हनले का साठ?”

मैथिलीला वाटलं, आता तो तिच्याकडे बघेल. त्याने पाहिलं नाही.

“मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, आणि आता कधी कळणारही नाही. यंत्राने आठ म्हटलं तेव्हा मला आठच आठवायला लागलं होतं. बरं वाटलं होतं मला.” तो थांबला. “पण दुधरामने विचारलं होतं, किती. ते मला ऐकू आलं होतं, बाई. तेवढं मात्र मला आठवतं. यंत्राच्या आधीपासून आठवतं. ताट वाढलेलं होतं, नलिनी दोनदा हाक मारून गेली होती. म्हटलं, कळलं असेल त्याला. आणि मी फोन ठेवला.”

हे त्याने मैथिलीलाही कधी सांगितलं नव्हतं.

शेवंताबाईने हाताला लागलेलं शेणखत झटकलं. वारा वाळू उडवत होता. लांब पुढच्या वाडीत कोणीतरी पंपाचा पाइप ओढत नेत होतं.

“एवढंसं सांगाले इतके दिवस लागले तुमाले,” ती म्हणाली.

“हो.”

तिने पुन्हा टोपली उचलली. दोन पावलं पुढे आली आणि त्याच्या पायांकडे बोट केलं.

“पाय काढा, साहेब. तिथं बी टाकलं हाये.”

दादाने दचकून खाली पाहिलं. वाळूत त्याचा पाय एका आळ्याच्या कडेवर रुतला होता. त्याने तो जपून काढला आणि दुसरीकडे ठेवायला गेला, तर तिथेही आळं होतं. तो एका पायावर तसाच अडखळत उभा राहिला, आणि मैथिलीने पुढे होऊन त्याचा हात धरला.